टुरिस्ट व्हिसासाठी एजंट लावावा का? कोल्हापुरातून अर्ज करणाऱ्यांसाठी सविस्तर हिशेब

शेंगेन (एकाच व्हिसावर फिरता येणारे युरोपातले देश), ब्रिटन किंवा अमेरिका, यांच्यापैकी कोणाचंही कायमचं व्हिसा केंद्र कोल्हापुरात नाही. बोटांचे ठसे द्यायला पुणे नाहीतर मुंबई गाठावीच लागते. "एजंट लावला की हेलपाटा वाचतो" असा आपल्याकडे समज आहे, पण बहुतेक देशांच्या बाबतीत एजंटला पैसे देऊनही ती फेरी तुम्हालाच करावी लागते. मग पैसे कशाचे? कागद जुळवण्याचे, फॉर्म भरण्याचे आणि तारीख घेण्याचे. यातलं कोणतं काम तुम्हाला खरोखर अवघड आहे हे आधी शोधा आणि तेवढंच विकत घ्या. शोधायचं कसं, ते पुढे क्रमाने.

आधी देश बघा

नेपाळ आणि भूतानला भारतीयांना व्हिसा लागत नाही. थायलंड, मलेशिया, मॉरिशस यांनीही थोड्या दिवसांच्या पर्यटनासाठी भारतीयांना सूट दिलेली आहे. अशा सवलती मधूनच बदलतात, त्यामुळे तिकीट काढण्याआधी त्या देशाच्या वकिलातीच्या संकेतस्थळावर एकदा खात्री करा. थायलंडला जाणाऱ्याला १ मे २०२५ पासून डिजिटल अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरावं लागतं. ते फुकट आहे आणि पोहोचण्याच्या आधीच्या ३ दिवसांत भरायचं असतं. त्याचे कोणी पैसे मागितले, तर ते फक्त टायपिंगचे आहेत हे लक्षात ठेवा.

दुसरा गट ई-व्हिसाचा. व्हिएतनामचं उदाहरण घेऊ. सरकारी शुल्क एकदाच प्रवेश करायचा असेल तर २५ डॉलर, अनेक वेळा करायचा असेल तर ५० डॉलर. मुदत जास्तीत जास्त ९० दिवस. पासपोर्टच्या माहितीच्या पानाचा स्वच्छ स्कॅन, फोटो आणि परदेशी व्यवहार चालू असलेलं कार्ड एवढंच लागतं. इथे घोटाळा होतो तो शोध घेताना. सर्च केल्यावर वर येणाऱ्या जाहिराती बऱ्याचदा खासगी कंपन्यांच्या असतात. त्यांची पानं सरकारी पानासारखीच दिसतात, फक्त शुल्क दुप्पट-तिप्पट असतं. खऱ्या पत्त्याच्या शेवटी 'डॉट गव्ह डॉट व्हीएन' असतं. दुसरी चूक नावाची: पासपोर्टवर आडनाव आणि नाव ज्या रकान्यांत आहे, अगदी तसंच भरायचं. पासपोर्ट क्रमांकात एक आकडा चुकला तरी तो व्हिसा निरुपयोगी ठरतो आणि शुल्क परत मिळत नाही. या गटासाठी एजंटची गरज नाही. घरातल्या कॉलेजच्या मुलाला शेजारी बसवून अर्ध्या तासात काम होतं.

तिसऱ्या गटात मध्यस्थ लागतोच. सिंगापूरचा अर्ज मुंबईतल्या त्यांच्या वकिलातीने नेमलेल्या अधिकृत एजंटमार्फत द्यावा लागतो, किंवा सिंगापुरात राहणाऱ्या ओळखीच्या माणसाने तिथून ऑनलाइन भरावा लागतो. सरकारी शुल्क ३० सिंगापूर डॉलर. कोल्हापुरातली एजन्सी स्वतः त्या यादीत नसेल, तर तुमचे कागद ती मुंबईच्या अधिकृत एजंटकडेच पाठवते. त्या एजंटचं नाव विचारा आणि वकिलातीच्या यादीत आहे का ते पडताळा. दुबईचा पर्यटक व्हिसा साधारणपणे विमान कंपनी, हॉटेल किंवा तिथल्या परवानाधारक पर्यटन कंपनीमार्फत निघतो. म्हणून स्टेशन रोडवरच्या एजंटचा दर ऐकून लगेच होकार देऊ नका. ज्या विमानाचं तिकीट काढणार, त्या कंपनीच्या व्हिसा सेवेचा दर आधी पाहा.

उरला चौथा गट: शेंगेन, ब्रिटन, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, जपान. इथेच खरा विचार करावा लागतो.

कागद टेबलावर मांडा

एजंटकडे जाण्याच्या आधी एक संध्याकाळ काढा. त्या देशाच्या अधिकृत यादीची प्रिंट घ्या आणि प्रत्येक ओळीपुढे आपला कागद ठेवा. एजंट लावायचा की नाही, हे या एका संध्याकाळीच निम्मं ठरतं.

पगारदार माणसाचं काम सोपं असतं. तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, रजा मंजुरीचं पत्र, फॉर्म १६ किंवा रिटर्न, पगार जमा होतो त्या खात्याचं बँकेच्या सहीशिक्क्याचं स्टेटमेंट. ते तीन महिन्यांचं की सहा महिन्यांचं, हे यादीत लिहिलेलं असतं. हे सगळं असेल, तर एजंटकडे तुमच्यासाठी फारसं वेगळं काही नाही.

शिवाजी उद्यमनगरातला कारखानदार किंवा गुजरीतला दुकानदार यांची अडचण वेगळी. पैसा फर्मच्या चालू खात्यात फिरतो आणि स्वतःच्या बचत खात्यात फार थोडा दिसतो. अधिकाऱ्याला मात्र सहलीचा खर्च कोण आणि कुठून करणार हे हवं असतं. दोन्ही खात्यांची स्टेटमेंट, दोन-तीन वर्षांचे रिटर्न कॉम्प्युटेशनसह (उत्पन्न आणि कराच्या हिशेबासह), जीएसटी नोंदणी आणि भागीदारी असेल तर भागीदारीपत्र, एवढं जोडा. फर्ममधून दरमहा घरखर्चाला किती उचल होते, हे एका ओळीत कव्हरिंग लेटरमध्ये, म्हणजे अर्जासोबतच्या पत्रात लिहा. ती ओळ नसली की खात्यांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, आणि तो संशय अर्जाला भोवतो.

सगळ्यात जास्त गोंधळ शेतकरी कुटुंबांचा होतो, आणि कोल्हापूर जिल्ह्यात ती खूप आहेत. शेतीचं उत्पन्न करमुक्त, म्हणून अनेकांनी कधी रिटर्न भरलेलंच नसतं. ऊसबिल जिल्हा बँकेत किंवा सेवा सोसायटीमार्फत जमा होतं, दुधाचं बिल गावातल्या डेअरीच्या खात्यात, आणि शिल्लक पतसंस्थेच्या ठेवीत. परदेशी अधिकाऱ्याला पतसंस्था म्हणजे काय हे माहीत असण्याचं कारण नाही. त्यामुळे क्रम असा लावा:

सातबारा आणि आठ अ यांचे डिजिटल सहीचे उतारे महाभूमीच्या संकेतस्थळावरून काढा. ते मराठीत असतात, त्यामुळे सोबत इंग्रजी भाषांतर लागतं. ब्रिटनच्या नियमानुसार भाषांतर मूळ कागदाबरहुकूम असल्याची खात्री, तारीख, भाषांतरकाराचं पूर्ण नाव, सही आणि संपर्क, हे सगळं भाषांतरावरच हवं. नुसता नोटरीचा शिक्का पुरत नाही. भाषांतर करून घेताना क्षेत्र हेक्टर-आरमध्येच ठेवा आणि कंसात एकर द्या.

बँकेचं स्टेटमेंट शाखेतून इंग्रजीत छापून घ्या. हाताने भरलेलं पासबुक देऊ नका. गळीत हंगाम साधारण नोव्हेंबरपासून सुरू होतो, आणि ऊस घातल्यापासून १४ दिवसांत एफआरपी (उसाचा सरकारने ठरवलेला किमान दर) देण्याचं बंधन कारखान्यावर आहे. म्हणजे डिसेंबर ते मार्च या काळात तुमच्या खात्यात अचानक मोठ्या रकमा येणार. कोल्हापूरकराला हे सांगावं लागत नाही, पण दिल्ली-मुंबईतल्या वकिलातीत बसलेल्याला ती रक्कम उसनी आणून भरल्यासारखी दिसते. प्रत्येक मोठ्या जमेसमोर कारखान्याच्या बिलाची प्रत लावा आणि कव्हरिंग लेटरमध्ये हंगाम समजावून सांगा. चार ओळींचं हे स्पष्टीकरण हा कदाचित तुमच्या फाईलमधला सगळ्यात उपयोगी कागद असेल.

पतसंस्थेच्या ठेवी पुरवणी म्हणून लावा, मुख्य आधार म्हणून नको. पुढच्या वर्षीच्या सहलीचा विचार असेल, तर यंदाच रिटर्न भरा. शेतीचं उत्पन्न ५,००० रुपयांच्या वर असेल तर आयटीआर-१ चालत नाही, आयटीआर-२ लागतो. कर शून्य आला तरी उत्पन्न अधिकृतपणे नोंदलं जातं.

नावांकडे याच वेळी लक्ष द्या. सातबाऱ्यावर 'उर्फ', आधारवर एक स्पेलिंग, पासपोर्टवर दुसरं, बायकोच्या पासपोर्टवर माहेरचं नाव, ही आपल्याकडची नेहमीची तऱ्हा. लग्नाचा नोंदणी दाखला आणि गरज असेल तिथे दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र जोडा. पासपोर्टमध्येच दुरुस्ती हवी असेल, तर व्हिसाच्या आधी ती करून घ्या. कोल्हापुरात पोस्ट ऑफिसमधलं पासपोर्ट सेवा केंद्र आहे, त्यासाठी पुण्याला जावं लागत नाही.

हे सगळं मांडल्यावर दोन-तीनच कागद कमी पडत असतील, तर अर्ज स्वतः करा. उत्पन्न चार ठिकाणी विखुरलेलं असेल, घरात इंग्रजीत पत्र लिहिणारं कोणी नसेल किंवा आधी व्हिसा नाकारला गेला असेल, तर चांगल्या एजन्सीची फी सत्कारणी लागते.

एजन्सीच्या हातात काय आहे आणि काय नाही

शेंगेनच्या नियमांत व्यावसायिक मध्यस्थाने अर्ज दाखल करण्याची सोय आहे, पण बोटांचे ठसे घेण्याचं काम मध्यस्थाकडे देता येत नाही. पहिल्यांदा जाणाऱ्या १२ वर्षांवरच्या प्रत्येकाला स्वतः हजर राहावंच लागतं. मात्र एकदा दिलेले ठसे ५९ महिने चालतात. मागच्या शेंगेन व्हिसाला ठसे देऊन पाच वर्षं झाली नसतील, तर काही देश अधिकारपत्र घेऊन आलेल्या प्रतिनिधीकडून अर्ज घेतात. पुण्याची फेरी एजंट खरोखर वाचवू शकतो, तो बहुधा फक्त इथे. तुमचे आधीचे ठसे चालतील का, हे व्हिसा केंद्राला विचारूनच सौदा करा.

अमेरिकेच्या बाबतीत एजन्सीचा उपयोग सगळ्यात कमी. मुलाखत मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत होते आणि तिथे उत्तरं तुम्हीच द्यायची असतात. डीएस-१६० हा ऑनलाइन अर्जाचा फॉर्म दुसऱ्याने भरला, तर कोणी मदत केली हे त्याच फॉर्ममध्ये नमूद करावं लागतं, आणि शेवटची ऑनलाइन सही अर्जदाराचीच लागते. एजंटने नोकरीचं वर्णन फुगवून लिहिलं आणि मुलाखतीत तुम्ही खरं सांगितलं, तर विसंगती तुमच्या नावावर जमा होते. २० मिनिटं काही हालचाल केली नाही तर फॉर्म बंद पडतो. अर्जाचा ॲप्लिकेशन आयडी सुरुवातीलाच लिहून ठेवा, म्हणजे उरलेलं नंतर भरता येतं.

कॅनडाचा कायदा आणखी कडक आहे. पैसे घेऊन अर्जदाराचं प्रतिनिधित्व करण्याची मुभा तिथल्या परवानाधारक सल्लागारांना आणि वकिलांनाच आहे, आणि प्रतिनिधीची माहिती अर्जात द्यावी लागते. जो एजंट "आमचं नाव कुठे टाकू नका" म्हणतो, त्याच्याकडून उठा.

निर्णय मात्र कुठल्याही एजन्सीच्या हातात नसतो. "शंभर टक्के व्हिसा", "वकिलातीत ओळख आहे" ही वाक्यं ऐकली की तिथे पासपोर्ट ठेवू नका.

पैशांचा हिशेब

नवरा-बायको, ८ वर्षांची मुलगी आणि ४ वर्षांचा मुलगा युरोपला निघाले आहेत असं धरू. जून २०२४ पासून शेंगेनचं शुल्क मोठ्यांना ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या आतल्या मुलांना ४५ युरो, ६ वर्षांच्या आतल्यांना शून्य. म्हणजे ९० अधिक ९० अधिक ४५, एकूण २२५ युरो. त्यावर व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क, कुरिअर आणि प्रवास विमा. विम्याचं संरक्षण किमान ३०,००० युरोचं हवं आणि ते सगळ्या शेंगेन देशांत, मुक्कामाचे सगळे दिवस चालायला हवं. हा विमा कुठल्याही मोठ्या विमा कंपनीच्या संकेतस्थळावर थेट मिळतो.

आता एजन्सीचं दरपत्रक याशेजारी ठेवा. त्यात सरकारी शुल्क, केंद्राचं शुल्क, विमा, एजन्सीची फी आणि फीवरचा १८ टक्के जीएसटी हे वेगवेगळं लिहून मागा. "माणशी सगळं मिळून इतके" अशी एकच रक्कम सांगितली, तर ४ वर्षांच्या मुलाचंही पूर्ण शुल्क त्यात धरलेलं असू शकतं. फी माणशी लावली असेल तर घासाघीस करायला जागा आहे: चौघांचे फॉर्म चार असले तरी बँक स्टेटमेंट, हॉटेल, तिकीट आणि कव्हरिंग लेटर एकच असतं. व्हिसा नाकारला तर सरकारी शुल्क परत मिळत नाही, कोणालाच. एजन्सीच्या फीचं तेव्हा काय, हे बिलावर लिहून घ्या.

"व्हिसा लागल्यावरच पैसे द्या" ही ऑफर सोयीची वाटते, पण आम्ही ती टाळायला सांगतो. ज्याची कमाई निकालावर अवलंबून आहे, त्याला कागदात हात घालायचा मोह होतो. अर्धी रक्कम फाईल तयार झाल्यावर आणि अर्धी अर्ज दाखल झाल्यावर, हा सौदा दोन्ही बाजूंना न्याय देतो. पैसे फर्मच्या खात्यावर द्या, कोणाच्या खासगी नंबरवर नको.

तारखेसाठी वेगळे पैसे मागितले जातात तेव्हा हे माहीत असू द्या: व्हीएफएसची (अनेक देशांची व्हिसा केंद्रं चालवणाऱ्या खासगी कंपनीची) साधी अपॉइंटमेंट घ्यायला वेगळं शुल्क नसतं. उन्हाळी सुट्टीच्या आधी तारखा झपाट्याने भरतात, म्हणूनच हा धंदा चालतो. शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो आणि कमीत कमी १५ दिवस आधी करावा लागतो. मे महिन्यात जायचं असेल तर जानेवारीतच तारीख घ्या, म्हणजे हा खर्च मुळातच उरत नाही. ब्रिटनचा अर्ज प्रवासाच्या ३ महिन्यांच्या आत करायचा असतो.

एजंट लावायचा ठरलाच, तर

लॉगिन तुमच्या ईमेलवर आणि तुमच्या मोबाइलवर हवं. एजन्सीने स्वतःच्या ईमेलवर खातं उघडलं, तर पुढे तारीख बदलायची असो वा निकाल बघायचा असो, तुम्ही तिच्यावर अवलंबून. पासवर्ड आणि सुरक्षा प्रश्नांची उत्तरं स्वतः ठरवा.

कोऱ्या फॉर्मवर सही करू नका. भरलेला पूर्ण फॉर्म दाखल होण्याआधी वाचा. इंग्रजी जमत नसेल तर घरातल्या कोणाला तरी वाचायला लावा. तीन ओळी हमखास तपासायच्या: आधी कधी व्हिसा नाकारला होता का, परदेशात नातेवाईक आहेत का, आणि व्यवसाय काय. जुना नकार एजंट लपवतो, कारण त्याला तो अडथळा वाटतो. प्रत्यक्षात नकार अर्जाला जेवढा मारक असतो, त्याहून लपवणं कितीतरी पटींनी मारक असतं. ब्रिटनमध्ये फसवणूक सिद्ध झाली तर १० वर्षांची बंदी येऊ शकते, अमेरिकेत ती कायमची असू शकते. आणि कागद एजंटने बनवला होता ही सबब तिथे सहसा ऐकली जात नाही.

बनावट कागदांचे प्रकार ठरलेले आहेत. खात्यात चार दिवसांसाठी लाखभर रुपये भरून स्टेटमेंट काढणं, कुठल्या तरी फर्मचं नोकरीचं पत्र, अस्तित्वात नसलेलं हॉटेल बुकिंग. हॉटेलसाठी खोट्याची गरजच नसते. मोठ्या बुकिंग संकेतस्थळांवर ठरावीक तारखेपर्यंत फुकट रद्द करता येणाऱ्या खोल्या मिळतात. तिकिटाच्या बाबतीत अनेक वकिलाती आरक्षणाचा पुरावा स्वीकारतात आणि व्हिसा मिळेपर्यंत पूर्ण पैसे भरू नका असंच सुचवतात.

मूळ पासपोर्ट दिलाच तर पोचपावती घ्या: पासपोर्ट क्रमांक, तारीख, परतीची तारीख, शिक्का. "बाकी द्या, मग पासपोर्ट" असं कोणी म्हणू लागलं, तर पासपोर्ट कायद्याने भारत सरकारची मालमत्ता आहे हे ठामपणे सांगा आणि पोलिसांकडे जा. पैशांच्या वादासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, पुढे जिल्हा ग्राहक आयोग. ऑनलाइन फसवणूक झाली असेल तर त्याच दिवशी १९३० वर फोन करा, कारण पैसे गोठवण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच जास्त असते. टुरिस्ट व्हिसावर पाठवून तिकडे काम मिळवून देतो, असं सांगणारा माणूस तर सरळ फसवतो आहे. त्याच्याशी पुढे बोलूच नका.

पुण्या-मुंबईची फेरी

पुणे सुमारे २३० किलोमीटर. महामार्गाच्या कामांमुळे वेळेचा भरवसा नाही, म्हणून सकाळची अपॉइंटमेंट असेल तर आदल्या रात्री मुक्कामाला जा. कोल्हापूर-पुणे वंदे भारत सकाळी सुटून दुपारी पोहोचते आणि रोज धावत नाही, म्हणून ती आदल्या दिवशी जाण्यासाठीच उपयोगी. मुंबईला महालक्ष्मी एक्स्प्रेस सकाळी पोहोचते. गाडी उशिरा आली तरी धावपळ होऊ नये म्हणून अकरानंतरची वेळ निवडा. अमेरिकन वकिलातीत मोबाइल आणि बॅग नेता येत नाही, त्यामुळे सामान सांभाळायला बरोबर कोणी तरी असू द्या.

घर सोडण्याआधी पासपोर्ट तपासा. शेंगेनसाठी तो गेल्या १० वर्षांत काढलेला हवा, परतीनंतर किमान ३ महिने मुदत हवी आणि दोन पानं कोरी हवीत. फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटरचा, पांढऱ्या किंवा फिकट पार्श्वभूमीवर. केंद्रावर पासपोर्ट परत पाठवण्याची कुरिअर सेवा घ्या. थोडे पैसे जातात, पण दुसरी फेरी वाचते.

शेंगेनचा निर्णय साधारण १५ दिवसांत येतो, काही वेळा ४५ दिवसांपर्यंत लांबतो. पासपोर्ट हातात आला की लगेच स्टिकर वाचा: नाव, पासपोर्ट क्रमांक, किती वेळा प्रवेश, आणि मुख्य म्हणजे दोन वेगळे आकडे. एक व्हिसा कधीपासून कधीपर्यंत वैध आहे त्या तारखा, दुसरा तिथे किती दिवस राहता येईल तो. तारखा २५ दिवसांच्या असल्या तरी राहण्याचे दिवस १० असू शकतात. काही चुकलं असेल तर त्याच दिवशी केंद्राला कळवा, विमानात बसल्यावर ते दुरुस्त होत नाही.